खूण आणि शेरा

भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुने विद्यार्थी भेटायला येतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यातली शिकलेली मुले नागपूर, भिलाई, पुणे, हैदराबाद अशी चहूकडे पांगलेली. सणाला गावी आली म्हणजे जुन्या मास्तराच्या ओसरीवर घटकाभर टेकून जातात. गेल्या दिवाळीत असाच एक आला. तो पुण्याला रसायनशास्त्रात संशोधन करतो. मी मॅट्रिकच्या पुढे विज्ञानाच्या वाटेला गेलो नाही. मुलांना मराठी शिकवले आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे “काय करतोस रे बाबा तिकडे?” हा माझा प्रश्न दरवर्षीचा, आणि “सांगून कळायचं नाही, गुरुजी” हे त्याचे हसतमुख उत्तरही दरवर्षीचेच. या खेपेस मात्र त्याने खिशातून फोन काढला आणि एक चित्र माझ्यापुढे धरले.

काळीकुट्ट पाटी. तिच्यावर एक अंधुक गोलाकार आकृती, आणि तिच्या पोटात हिरव्या उजेडाचे पुंजके. दोन-तीन ठळक, बाकीचे पुसट. पावसाळ्याच्या तोंडी आमच्या रानातल्या एखाद्या झाडावर काजवे बसावेत तसे. “ही एक पेशी, आणि चमकतो आहे तो आरएनए,” तो म्हणाला.

माझ्यातला कादंबरीकार लगेच जागा झाला. “अरे, परमेश्वराने पेशीपेशीत दिवाळी लावून ठेवली आहे की!”

“दिवे आम्ही लावलेत, गुरुजी. आरएनए आपणहून चमकत नाही. त्याला रंग जोडावा लागतो, तेव्हा तो दिसतो.”

“आणि ह्या पेशीला त्याचे काही वाटते का?”

“ती आता जिवंत नाही. रंग जोडण्यापूर्वी तिला फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करतात.”

“स्थिर करतात म्हणजे?”

करंजीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, “म्हणजे मारतात.”

तो गेला, पण ते चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. जाणून घ्यावयाचे तर खूण करावीच लागते काय? आणि खूण केल्यावर जे कळते ते त्या वस्तूविषयी कळते, की आपणच केलेल्या खुणेविषयी? वीस वर्षे हजेरीपट भरण्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ रसायनशाळेचा वाटला नाही. तो का वाटला नाही ते पुढे सांगतो. आधी त्या रंगाची हकिकत सांगितली पाहिजे; त्या मुलाने दोन दुपारी खर्चून ती मला समजावली आहे.

हा रंग म्हणजे रंगपंचमीचा रंग नव्हे. पांढरे कपडे धुताना शेवटच्या पाण्यात आई टिनोपाल घालीत असे, ते ज्यांना आठवत असेल त्यांना हा प्रकार चटकन उमगेल. त्या पुडीने कपड्याचा मळ निघत नसे. उन्हातले जे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत ते ती पिऊन घेई आणि त्यांच्या बदल्यात निळसर उजेड परत देई. त्या उजेडात कपड्याचा पिवळेपणा झाकला जाई. बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की तिच्यातले तंतू उजळतात, तेही असेच. एका जातीचा प्रकाश घ्यावयाचा आणि दुसऱ्या जातीचा द्यावयाचा. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये फ्लुओराइट खनिजावरून ह्या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ असे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. मला आपला मराठी शब्द अधिक आवडला. एका दिव्याने दुसऱ्याला दिलेले उत्तर.

आरएनए म्हणजे काय, हे मी माझ्या मापाने समजून घेतले आहे. शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टर असते; ते खोलीबाहेर न्यावयाचे नाही. वर्गाला काही कळवायचे झाले तर त्यातला हवा तेवढा मजकूर चिठ्ठीवर उतरवून शिपायाबरोबर धाडतात, वर्गावरचे मास्तर ती वाचतात, त्याप्रमाणे काम होते आणि चिठ्ठी फाडून टाकतात. पेशीतला डीएनए म्हणजे ते रजिस्टर आणि आरएनए म्हणजे ती चिठ्ठी. अशी निरोप्या चिठ्ठी खरोखरच असते हे १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी प्रयोगाने दाखवले. (आरएनएचे आणखीही प्रकार आहेत, त्यांतले काही स्वतःच कामे करतात, पण आपल्याला ही चिठ्ठी पुरे.) तिच्यात अक्षरे चारच: ए, यू, जी आणि सी. आयुष्य बहुधा काही मिनिटांचे किंवा काही तासांचे. आणि स्वभाव इतका नाजूक की माणसाच्या बोटांवरच्या घामात जी विकरे असतात त्यांनीसुद्धा तिचे तुकडे होतात. म्हणून हातमोज्यांवाचून तिच्याजवळ जावयाचे नाही. एवढ्या अल्पायुषी, एवढ्या हळव्या वस्तूला रंग चिकटवावयाचा.

गोंदिया हे नाव गोंदावरून पडले, असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात. गोंद म्हणजे डिंक. शास्त्रज्ञांपुढचा प्रश्नही खरा डिंकाचाच होता. रंग हवे तेवढे होते, पण पेशीत हजारो जातींचे रेणू दाटीवाटीने नांदत असतात. त्या गर्दीत रंगाने दुसऱ्या कोणाला न माखता नेमके आरएनएलाच धरावे कसे? याला जे उत्तर सापडले ते आपल्या पोलक्याच्या टिचबटणासारखे आहे. त्या बटणाचे दोन भाग असतात, ते एकमेकांतच बसतात, तिसऱ्या कशात बसत नाहीत. रसायनशास्त्रातल्या अशा बटणाच्या एका भागाला ॲझाइड म्हणतात. तीन नायट्रोजन अणूंची ती एक इवलीशी शेपटी. दुसरा भाग अल्काइन. पेशीत निसर्गतः यांचा वावर जवळजवळ नाहीच, म्हणून घोटाळा होत नाही. अमेरिकेचे बॅरी शार्पलेस आणि डेन्मार्कचे मॉर्टेन मेल्डाल यांनी तांब्याच्या साहाय्याने हे बटण चटकन लावता येते असे दाखवले. पण हे तांबे जिवंत पेशीला बाधते, तेव्हा कॅरोलिन बर्टोझी यांनी तांब्यावाचून लागणारे बटण घडवले. तिघांना मिळून २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुण्यात पाषाणला २००६ साली जी विज्ञानसंस्था निघाली, जिला सगळे ‘आयसर’ म्हणतात, तिथले प्राध्यापक एस. जी. श्रीवत्सन आणि त्यांचे सहकारी आरएनएच्या बाबतीत कित्येक वर्षे हेच काम करीत आहेत. त्यांनी काय केले, तर ‘यू’ ह्या अक्षराला ॲझाइडचे बटण शिवले. चिठ्ठ्या लिहिणारे विकर ते बटणाचे अक्षर आपले समजून उचलते आणि मजकुरात बसवते. मग बाहेरून बटणाचा दुसरा भाग लावलेला रंग धाडावयाचा. तो बरोबर तेथेच जाऊन बसतो. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात पेशींना अशी अक्षरे देऊन नव्याने लिहिला गेलेला आरएनए डोळ्यांना दाखवला आहे. दुसऱ्या एका वाटेने त्यांनी अक्षरालाच एक लहानसे कडे जोडले, म्हणजे वेगळा रंग नको; ते अक्षर स्वतःच मंद उजळते, आणि भोवतालची परिस्थिती पालटली की उजेडही पालटतो.

या साऱ्या खटाटोपातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. ‘हे आपलेच अक्षर आहे’ असे वाटावयास लावून पेशीला फसवावयाचे आहे, हे उघड आहे. पण ती फसवणूक किती लहान ठेवता येईल, याची ही माणसे रात्रंदिवस काळजी करतात. शेपटी तीनच अणूंची का? तर मोठी असली की चिठ्ठीची घडी बिघडते, ती वेगळीच वळते, आणि मग आपण पाहतो ती चिठ्ठी पहिली राहत नाही.

रानातही प्रश्न हाच असतो. आमच्या नागझिऱ्यात २०२३ मध्ये चंद्रपुराकडून दोन वाघिणी आणून सोडल्या; त्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे होते. जनावराच्या वजनाच्या मानाने पट्टा हलका असावा लागतो, नाही तर पट्ट्याचे जनावर आणि रानाचे जनावर अशी दोन जनावरे होतात. आणि पट्टा हलका असला तरी दुसरा एक धोका राहतोच. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ नावाचा थोरला वाघ २०१३ मध्ये शेते, रस्ते, नद्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला. त्याच्याही गळ्यात पुढे पट्टा आला. २०१६ च्या एप्रिलनंतर पट्ट्याचा संकेत येईना, आणि जयही कोणाच्या दृष्टीस पडला नाही. शोध पुष्कळ झाला, वाघ सापडला नाही. पट्टा बोलत होता तोवर सगळे निश्चिंत होते. आपली नजर वाघावरून पट्ट्यावर केव्हा सरकली ते कोणाला कळलेच नाही.

वाघाच्या बाबतीत खूण मुकी झाली. आरएनएच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले, आणि ते मला जास्त भयंकर वाटले. जिवंत पेशीतली एकच चिठ्ठी कशी फिरते हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या रॉबर्ट सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक युक्ती काढली. चिठ्ठीच्या शेपटाशी गाठींची माळ करावयाची. पुढे चोवीस गाठींची माळ रूढ झाली. एमएस-२ नावाच्या विषाणूचे एक प्रथिन ह्या गाठींना घट्ट धरते. त्या प्रथिनाला चमकणारे हिरवे प्रथिन जोडले की गाठींवर दिवे लागतात आणि दिव्यांची माळ पेशीत हिंडताना दिसते. हे हिरवे प्रथिन समुद्रातल्या जेलीफिशचे. २००८ चे नोबेल त्याच्यासाठीच दिले गेले. युक्ती फार गाजली, जगभर वापरली गेली. पुढे २०१५ मध्ये रॉय पार्कर यांच्या प्रयोगशाळेने यीस्टच्या पेशींत एक गोष्ट दाखवून दिली. चिठ्ठीचे काम संपले की ती एका टोकाकडून कुरतडली जाते. कुरतडणारे विकर गाठींपाशी पोचले की तेथे घट्ट बसलेले प्रथिन त्याला पुढे जाऊ देत नाही. मजकूर सगळा नाहीसा होतो. गाठींचा तुकडा तेवढा मागे राहतो, आणि तो तर दिव्यांनी लखलखत असतो! पाहणाऱ्याला वाटावे, चिठ्ठी आहे. चिठ्ठी केव्हाच संपलेली असते. चमकतो तो तिचा कचरा, आणि तो कचरा जिवंत ठेवला आहे आपल्याच खुणेने.

सिंगर यांच्या प्रयोगशाळेने यावर नुसता वाद घातला नाही. २०१८ मध्ये त्यांनी आपलीच युक्ती सुधारून मांडली. गाठींची पकड थोडी सैल केली, म्हणजे चिठ्ठीला मरावयाचे असेल तेव्हा मरता यावे. हे ऐकले तेव्हा मी त्या मुलाला पुन्हा सांगावयास लावले. खूण अशी असावी की तिने वस्तूला तिच्या वेळी नाहीसे होऊ द्यावे, हा विचार मला कोणत्या धर्मग्रंथाच्या पानावर भेटला असता तरी नवल वाटले नसते. तो भेटला यीस्टच्या पेशीत.

आता हे रंगाचे प्रकरण आपल्यापैकी कोणाच्या घरी आलेच नाही असे समजू नका. २०२० साली ते घरोघर आले होते. कोरोनाचा विषाणू आरएनएचाच. नाकातून काढलेल्या काडीवरच्या आरएनएची आधी डीएनएमध्ये नक्कल करीत, मग ती नक्कल फेरीफेरीने दुप्पट करीत जात. त्या नकलेला ओळखणारा एक लहान तुकडा सोबत सोडलेला असे. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला त्याचा उजेड दाबून टाकणारा पहारेकरी. नक्कल होताना तो तुकडा कापला जाई, रंग सुटा होई आणि उजळे. कितव्या फेरीला उजेड दिसला, यावरून माणसाचे भवितव्य ठरे. सुरुवातीस आमच्याकडच्या काड्या नागपूरला जात. पुढे त्याच वर्षी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊ लागली.

ह्या उजेडाने असंख्य माणसे वाचली, हे मी विसरत नाही. परंतु तो उजेड एवढेच सांगे की विषाणूचा आरएनए येथे आहे. विषाणू जिवंत आहे की त्याचे अवशेष उरले आहेत हे तो सांगत नसे. बरी झालेली माणसेही कित्येक आठवडे ‘पॉझिटिव्ह’ येत. म्हणजे पुन्हा तेच, कचऱ्याला लागलेले दिवे. आणि ती खूण नळीतून बाहेर पडून किती झरझर वाढत गेली! मार्च २०२० मध्ये घरी विलग राहावयाचे त्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्र शासनाने शिक्के मारावयास सुरुवात केली. शाई न पुसणारी, मतदानाच्या जातीची. १९६२ पासून मतदानाला बोटावर जी शाई लागते ती लोक कौतुकाने दाखवीत हिंडतात. त्याच हातावर, तसल्याच शाईने, त्या वर्षी लोकांना सदऱ्याची बाही खाली ओढावीशी वाटली. हातावरची शाई काही दिवसांत गेली. दारापुढे बांबू आडवे बांधले होते ते काढले. तरी त्या घरचे दूध घ्यावयास गल्ली पुढे दोन महिने कचरत होती. माझ्या गल्लीतलीच गोष्ट आहे, आणि कचरणाऱ्यांत मी होतो.

येथे कोणी म्हणेल, मग खुणा करूच नयेत की काय? ज्याला खूण नाही तो दिसतच नाही, आणि जो दिसत नाही त्याची काळजी कोण घेणार? बारशाला कानात नाव सांगतो तीही खूणच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातांवर गोंदण असते. मेल्यावर सोबत येणारा दागिना तेवढाच, असे त्या म्हणतात. हे म्हणणे मला मान्य आहे. किंबहुना खूण नसल्यामुळे काय होते ते मी एका मुलीच्या बाबतीत पाहिले आहे, आणि खूण झाल्यामुळे काय होते तेही त्याच मुलीच्या बाबतीत पाहिले आहे.

ती जंगलकडेच्या एका गावाहून शाळेत येत असे. नववीत माझ्या वर्गात होती. चार दिवस यावयाची, दोन दिवस नाही. थंडीत तर आठ-आठ दिवस नाही. आली की बाकावर डोके टेकून बसावयाची. विचारले तर खाली मान. मी दोन-तीनदा रागावलो, आणि वर्षअखेर प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘हजेरी अनियमित. आळशी. अभ्यासात लक्ष नाही.’ मला मराठी बरे लिहिता येते असा समज आहे. शेराही तसा नेटका झाला होता.

दहावीला दुसरे शिक्षक आले. त्यांनी पहिल्या दिवशी मुलगी पाहिली नाही, माझा शेरा पाहिला. तिचे डोके बाकावर टेकले की त्यांच्या मनात ते तीन शब्द चमकत.

त्या वर्षी शाळेत रक्ततपासणीचे शिबिर झाले. बोटाच्या टोकातून थेंब घेतला, पुढे मोठी तपासणी झाली, आणि कळले की तिला सिकलसेलचा आजार आहे. आमच्या पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकशे सेहेचाळीस घटक असतात. त्यांतल्या सहाव्या जागी एक घटक बदललेला. बदल एका अक्षराचा: आरएनएच्या चिठ्ठीत ‘जीएजी’ असावयाचे तेथे ‘जीयूजी’. ए च्या जागी यू, एवढीच चूक. तेवढ्याने तांबड्या पेशी प्राणवायू सुटला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे पिळून निघावीत अशा कळा येतात. थंडीत, पाणी कमी पडले की, दमणूक झाली की जास्त. आईबाप दोघांनी ही चूक दिली तरच आजार. एकाने दिली तर माणूस वाहक, आणि वाहक बहुधा धडधाकट असतो, इतकेच नव्हे तर हिवतापाशी तो इतरांपेक्षा बरी झुंज देतो. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात हे अक्षर टिकून राहिले.

मुलगी आळशी नव्हती. तिची हाडे दुखत होती.

तिचे वडील भेटावयास आले. कागदाची घडी हातात. म्हणाले, “गुरुजी, हे कोनाले सांगू नका जी. पोरीचं लगन कराचं आहे.”

मी मान डोलावली. पण चार दिवसांनी खेळाच्या तासाला भर उन्हात मुलींना मैदानाला फेऱ्या मारावयास लावलेले मी खिडकीतून पाहिले. ती मागे पडली होती, आणि खेळाचे शिक्षक तिला ओरडत होते. त्यांना ठाऊक नव्हते. मी गेलो आणि त्यांना बाजूला घेऊन सांगितले. आणखी काय करावयास हवे होते ते मला आजही सुचत नाही. त्यांनी तिला सावलीत बसवले, पाणी दिले, ते भले गृहस्थ आहेत. पण त्यांनी ते खोलीत कोणाला तरी सांगितले, तेथून ते शिपायाकडे गेले, आणि आठवड्याभरात सगळी शाळा तिच्याकडे पाहू लागली. मुली तिच्या पेल्याने पाणी पिईनात. हा आजार स्पर्शाने होत नाही हे मी वर्गावर्गात जाऊन सांगितले. सांगितल्याने ते नाव आणखी चार तोंडी झाले.

खुणेचा फायदा तिला झाला नाही असे नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड, कळा कमी आल्या, हजेरी वाढली. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला आहे, आणि २०२३ पासून तर देशभर त्याच्यासाठी मोहीम चालू आहे. खूण नसती तर ह्यांतले काही तिच्यापर्यंत पोचले नसते. पण एक दिवस मी तिला वही तपासून देत असताना ती हळूच म्हणाली, “आधी मी आळशी होती जी, आता सिकलसेल झाली.” तक्रारीचा सूर नव्हता. व्याकरणाचा एखादा नियम सांगावा तसे सांगितले.

पुण्याच्या त्या मुलाने मला एक गोष्ट सांगितली होती. रंग लावलेल्या नमुन्याशेजारी रंग न लावलेला नमुना नेहमी ठेवावा लागतो. दोन्ही एकसारखे वागतात असे दाखवल्यावाचून तुमच्या सुंदर चित्राला कोणी किंमत देत नाही. मी माझ्या वर्गाविषयी विचार करू लागलो. पहिलीपासून ज्याच्यावर शेरा पडलेला नाही असा मुलगा मी आणू कोठून? मी ज्यांना हुशार म्हणून लिहिले ती हुशार निघाली, हा पुरावा कशाचा, त्यांचा की माझ्या लेखणीचा? आणि चित्रासाठी मारलेल्या त्या पेशीबद्दल माझ्या मनात जो कळवळा दाटून आला होता, तो त्या मुलीबद्दल नववीत असताना एकदाही का आला नाही? याला माझ्याजवळ सभ्य उत्तर नाही.

दहावी ती पास झाली. अकरावीसाठी तालुक्याच्या गावी जावयाचे म्हणून शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. आमच्याकडे मुख्याध्यापकांच्या सहीआधी दाखले भरण्याचे काम माझे आहे. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, सगळे लिहिले. शेवटी शेऱ्याचा रकाना आला आणि माझी लेखणी थांबली. लिहिले नाही तर नव्या शाळेत पुन्हा उन्हातल्या फेऱ्या आल्या. लिहिले तर ती तेथे पाऊल टाकण्यापूर्वीच तिचे नाव तेथे जाऊन बसणार.

नववीच्या वर्षी मी तिला विचारले नव्हते. या वेळी विचारले. दाखला तिच्याकडे फिरवला, रकान्यावर बोट ठेवले आणि म्हटले, “येथे काय लिहू?”

तिने तो वाचला, वरपासून, जन्मतारखेसह. मग म्हणाली, “काई नका लिहू जी. ज्याले सांगाचं त्याले मीच सांगीन.”

मी रकान्यात आडवी रेघ ओढली, दाखल्यावर शाळेचा शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत तो टेबलावर उघडा ठेवला.